पत्थर लगाया क्या रे?

ऐका. आन आधीच सांगतो, मधे कुणी बोलायचं न्हाई. सोपाना, तुझी गाडी लावलीस न्हवं बाहेर? मग बस गप.

खालच्या आळीचा भानुदास हाय ना, पिकअपवाला? त्याची ही गोष्ट. त्या सांजंला तालुक्याला माल उतरवून तो चहा पीत व्हता, तवा बायकोचा फोन आला. वनिता रडतच म्हणली, "जुईला इंचू डसलाय. घामानं निथळतीय वो पोर. लवकर या!" सहा वर्साची लेक! आन मायलेकी कुठं? डोंगरातल्या वस्तीवर, वनिताच्या माहेरी. तिथं दुसरी गाडी न्हाई, दवाखाना न्हाई. सडकेनं जायचं तर दोन तास. तासखिंडीतनं पाऊण तास. अंधार पडल्यावर तासखिंडीतनं कोण जातं का? न्हाई जात. हा गेला. बापाचं काळीज, काय करंल?

आता गाडीचं ऐका. आठ दिस झालं, मागच्या डाव्या चाकातनं घूंऽऽ, घूंऽऽ असा आवाज येत व्हता. उजवीकडं वळलं की गाडीचं वजन डाव्या चाकावर जातं, तवा आवाज वाढायचा. डावीकडं वळलं की दबायचा. म्हंजे डावं बेअरिंग झिजलं. भानुदासाला हे कळत व्हतं. नवं बेअरिंग आणून शिटाखाली टाकलंबी व्हतं. पण उद्या बसवू, उद्या बसवू! काय म्हणायचं असल्या माणसाला!

त्याला हे शिकवलं नबीउस्तादानं, नाक्यावरच्या मिस्त्रीनं. चाकाला हात लावायच्या आधी उस्ताद एकच इचारायचा, "पत्थर लगाया क्या रे?" चाकामागं दगड लावला नसला की पान्यानं बोटं सडकायचा. एक दिस चुकला न्हाई. उस्ताद मरून तवा सव्वा वरीस झालं व्हतं. हे ध्यानात ठेवा बरं का.

तर गाडी चढणीला लागली. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. आन आवाज वाढला. घूंऽऽ, घूंऽऽ. उजवं वळण आलं, आवाज तेवढाच. डावं वळण आलं, तरी तेवढाच! भानुदास म्हणला, हे कसं? आन त्या घूंघूंतनं शब्द फुटला. "बाऽऽबा." पोरीचा आवाज! त्यानं काच वर केली. तर आवाज आतच, शिटाच्या मागनं. "बाबा, थांब ना."

इतक्यात मागचं चाक हादरलं. जळक्या ग्रीसचा वास सुटला. आता थांबल्याबिगर इलाज न्हाई. हँडब्रेक ओढला, उतरला, चाकाच्या मधोमध हात लावला. चटका बसला! खरंच पेटाय आलं व्हतं. चाक निखळलं तर गाडी दरीत, आन लेक वस्तीवर तशीच.

"भान्या." कोण बोललं? वळून बघतो तर नबीउस्ताद उभा. तेच ते मळकं बनियन, खांद्यावर तेच फडकं. "जॅक लगा. बेअरिंग गेलंय." आन ह्या येड्याला वाटलं, आला माझा उस्ताद, सुटलो! मेलेला माणूस हाय हे डोक्यातनंच गेलं. चकवा असाच असतोय, माणसाची अक्कलच काढून घेतो.

त्यानं नट ढिलं केलं. जॅक लावला. चाक उचललं. वर-खाली धरून हलवलं तर खडखड, खडखड. "हां," उस्ताद म्हणला, "आता हँडब्रेक सोड. न्हाईतर ब्रेकचा ड्रम निघायचा न्हाई." बरोबरच हाय की! भानुदासानं केबिनमधी हात घातला. दांडीवर बोटं ठेवली. आन थांबला.

का थांबला? तर बोटं आखडली आपसूक. पान्याची वाट बघत व्हती ती! काहीतरी ऱ्हायलं. उस्तादानं काहीतरी इचारलं न्हाई. मागं सरळ उतार, त्याखाली दरी.

त्यानं हळूच म्हणलं, "उस्ताद, पत्थर?"

"पत्थर कशाला?" ते म्हणलं. आन हासलं.

आयायायाऽऽ! भानुदासाच्या अंगावर सरसरून काटा आला. चाक खाली घेतलं, नट आवळलं, जॅक तिथंच टाकला, गाडीत बसला. मागनं हाका. उस्तादाच्या आवाजात, वनिताच्या आवाजात, शेवटी लेकीच्या आवाजात, "बाबा, मला टाकून चाललास?" भानुदास रडत व्हता, पण मागं बघितलं न्हाई. बैलगाडीच्या चालीनं खडखडत वस्ती गाठली. पोरीला उचललं आन सडकेच्या वाटनं दवाखान्यात नेलं. पहाटं जुईनं डोळं उघडून पाणी मागितलं, तवा ह्या गड्यानं दवाखान्याच्या दारात बसून हंबरडा फोडला.

उजाडल्यावर त्यानं दुसऱ्याचा जॅक मागून आणला आन तिथंच आवारात चाक उघडलं. ड्रम काढला, एक्सल वढला. बेअरिंगचा चुरा हातात आला! एक गोळी धड न्हाई. त्यावर ती गाडी एवढी वाट चालली कशी? नवं बेअरिंग बसवलं, ग्रीस भरलं, चाक हातानं फिरवलं. चिडीचूप.

पण उघडायच्या आधीचं सांगायचं ऱ्हायलंच की. त्यानं दगड हुडकाय खाली वाकून बघितलं, तर चाकामागं दगड लावलेलाच व्हता. आवारात सगळी फरशी, तिथं दगड कुठला? तासखिंडीतला काळा दगड व्हता तो. वर ग्रीसची पाच बोटं उठलेली.

म्हणून सांगतो, अंधारात तासखिंडीच्या वाटंला जाऊ नका. घाई असली तरी न्हाई, कुणी ओळखीचं बोलावलं तरी न्हाई.

चला, उठा आता. आन सोपाना, गाडी उतारावर लावलीयास न्हवं तू? पत्थर लगाया क्या रे?