कोकरू एक आणि तोंडं तीन

देव घर बदलतो का हो, मंडळी?

हसू नका! पुढच्या बाकावरचे काका, तुम्ही तर अजिबात नाही! हा प्रश्न इस्काच्या मैत्रिणींचा आहे. इस्का म्हणजे फार पूर्वीच्या इस्राएलातली, डोंगराळ गावातली पंधरा वर्षांची पोर. पाणवठ्यावर मैत्रिणींनी तिला डिवचलं — "काल देव आपल्या टेकडीवर होता ना? मग आज कुठे गेला? विचार की तुझ्या आबांना! विचारलंस तर आठ दिवस तुझी घागर आम्ही वाहू!"

इस्का कसली मागे हटते! थेट वडिलांपुढे, आबांपुढे उभी — "आबा, देव बिऱ्हाड हलवून गेला का?"

आबांच्या हातातला कोयता तसाच राहिला. 

झालं होतं असं. टेकडीवर एक वेदी होती, पणजोबांनी रचलेली. पेरणी झाली — चला टेकडीवर! बाळ झालं — चला टेकडीवर! कोकरू अर्पण करायचं आणि मग भावकीची पंगत. आणि एके दिवशी राजाची माणसं आली, वेदी पाडून गेली. म्हणाली, "परमेश्वरानं एकच ठिकाण निवडलंय. यरुशलेम! यापुढे अर्पण तिथेच."

आता इस्काची पंचाईत बघा. हिवाळ्यात आई तापानं फणफणली होती. तेव्हा ही पोर त्याच टेकडीवर जाऊन रडली होती — "देवा, आई उठू दे, मी तुला कोकरू देईन!" आई उठली. कोकरू मोठं झालं. आणि वेदी? दगडांचा ढीग! देवानं इथलं रडणं ऐकलं ना? मग इथलं कोकरू त्याला का चालत नाही? आणि दिलं नाही, तर दिलेल्या शब्दाचं काय?

आबा म्हणाले, "चार दगड परत रचू. कोण बघायला येतंय?"

आई म्हणाली, "अहो, ज्याला द्यायचंय तो बघतोय ना!"

कळतंय का काही, मंडळी? मी हा नियम शास्त्रात वाचला तेव्हा माझ्या आईला चारदा विचारलं, एकच जागा कशाला? चौथ्यांदा ती म्हणाली, "आधी गणितं सोडव!"

तर निघाले तिघं. तीन दिवस पायपीट! कोकरू थकलं की इस्काच्या खांद्यावर. यरुशलेमात पोचले तर काय — ही गर्दी! कोण कुठल्या वंशाचं, कोण कुठली बोली बोलतंय! इस्काच्या डोक्यात नुसता गोंधळ. मंदिरातल्या सेवकाला तिनं विचारलंच, "दादा, देवानं हीच जागा का निवडली?"

तो म्हणाला, "पोरी, मागची रांग बघ आणि पुढे सरक!"

घ्या! मिळालं उत्तर!

चरबी वेदीवर गेली, याजकाचा वाटा याजकाला गेला. बाकीचं मांस सेवकानं आबांच्या हाती दिलं. "हे आभाराचं अर्पण. तुम्हीच खायचं, परमेश्वरासमोर, आणि आजच. सकाळपर्यंत तुकडा उरला तर नवस फिटला नाही, समजा."

मंडळी, कोकरू एक आणि तोंडं तीन! गावात भावकीनं चाटूनपुसून संपवलं असतं. इथे कोण? अंगणातल्या चुलीवर शिजवून खाल्लं, पुन्हा खाल्लं. आबांनी कमरपट्टा सैल केला. उन्हं भिंतीवर चढली, अर्धं भांडं तसंच!

आणि शेजारच्या चुलीपाशी कोण बसलं होतं? बेकेर! समोरच्या टेकडीवरचा. बांधावरून अकरा वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद. त्यांची टेकडी वेगळी, वेदी वेगळी, पंगत वेगळी. हाक एकाच देवाला, पण एकमेकांकडे पाठ करून! बेकेरनं अर्पणाला मूठभर पीठच आणलं होतं. ते याजकाकडे गेलं. आता तो, त्याची म्हातारी आणि दोन नातवंडं भाजलेले दाणे चघळत होती. धाकटीचे डोळे इस्काच्या भांड्यावर!

"तिकडे बघू नकोस," आबा म्हणाले. "मी खातो राहिलेलं."

"फुटाल!" आई म्हणाली. "अहो, ऊन उतरलं. पोरीचा नवस मोडेल."

इस्का एकदा भांड्याकडे बघते, एकदा त्या चिमुरडीकडे. गावात असती तर हे तोंड तिला दिसलंसुद्धा नसतं. म्हणून देवानं इथवर चालवलं? की आपलंच काहीतरी चुकतंय? तिला काही सुचेना.

तुम्हाला सुचतंय, मंडळी? आपण इथे प्रार्थनेला येतो, पण कोण कुठे बसलंय ते बघून बाक निवडतो की नाही? माना खाली घालू नका! मीही शाळेत डबा आपल्याच टोळक्यात उघडते. ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याच्याकडे पाठ करून आपण कुणाची स्तुती गातोय?

इस्का उठली. भांडं तिनं मधोमध ठेवलं.

"आबा, आई, देवानं हीच जागा का निवडली, मला अजून कळलेलं नाही. पण आपलं कोकरू आपल्या तिघांनी संपत नाही, एवढं कळलंय. मी बेकेरकाकांना बोलवायला चाललेय. तुम्ही जरा सरकून बसा."