कडीच्या ठरावाला अनुमोदन

सन्माननीय अध्यक्ष, अर्थात आपल्या छापखान्याचे मॅनेजरसाहेब. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आपल्याला कागद पुरवणारे व्यापारी. आज सेवानिवृत्त होणाऱ्या आपल्या बाइंडरताई. पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान आणि सूनबाई. आणि आपापल्या कार्डाच्या रंगाप्रमाणे अंतर राखून बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

आधी एक खुलासा करतो. आपल्या कल्याण समितीच्या नियमाप्रमाणे ताईंविषयी बोलण्याचा अधिकार ताईंसारखंच कार्ड असणाऱ्यालाच आहे. तसं कार्ड साऱ्या छापखान्यात एकाच व्यक्तीकडे आहे, ते म्हणजे खुद्द ताईंकडे. तेव्हा ताईंच्या गौरवाचं भाषण ताईंनीच करावं, अशी सूचना कालच्या बैठकीत अत्यंत गांभीर्यानं आली. ताई म्हणाल्या, "करते की! पण मला भरून आलं तर पाणी कोण देणार?" त्यावर उपसमिती नेमली. तिचा अहवाल यायचाय, म्हणून तूर्त मी बोलतो. मी मुद्रितशोधक. जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेला. आज स्वतःची एक सांगतो, कारण हे नियम मीच लिहिलेत.

मुळात नियम वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तरुण मंडळी म्हणतील, म्हाताऱ्याला न्यायाचं वावडं! बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती. ती हवी की नको, यावर आम्ही सात पुरुष चहा पीत तीन वर्षं चर्चा करत होतो. माझं ठाम मत होतं की ते दार ढकललं की घट्ट बसतं. मी ते दार जन्मात कधी ढकललं नव्हतं. एके दिवशी ताई खळीनं माखलेल्या हातांनी थेट बैठकीत शिरल्या आणि म्हणाल्या, "त्या दाराआड तुमच्यापैकी कोण जातं हो? आम्हाला विचारा की जरा!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईंना समितीवर घेतलं, आणि पश्चात्तापाच्या भरात मी नियम लिहिला: ज्याचा प्रश्न, त्यानंच बोलावं.

मग काय विचारता! आधी बायका आणि पुरुष अशी दोन रंगांची कार्डं निघाली. मग चष्मेवाले म्हणाले, दिव्यांवर आम्हीच बोलणार. डावखुऱ्यांना वेगळं कार्ड हवं झालं, तेही दिलं. टक्कल असलेल्यांनी पंख्यावर हक्क सांगितला. नुकतेच केस गळू लागलेल्यांना मात्र त्यांनी आपल्यात घेतलं नाही, म्हणून त्यांचा गट निराळा. खरं सांगू? नवं कार्ड छापायला मला फार मजा यायची. शेवटी माणसं एकोणचाळीस आणि कार्डंही एकोणचाळीस. प्रत्येकाला बोलण्याचा संपूर्ण अधिकार, फक्त स्वतःविषयी. बैठका कमालीच्या शांततेत पार पडू लागल्या.

आणि कडी? ताईंनी तिचा ठराव मांडला त्याला चार वर्षं झाली. ठरावाला अनुमोदक लागतो, आणि तो त्याच कार्डाचा लागतो. बांधणी विभागातल्या, सकाळच्या पाळीच्या, गुडघे दुखणाऱ्या बाई एकट्या ताईच. बाकीच्या म्हणाल्या, "मनातून आहोतच हो तुमच्या बाजूनं, पण तुमच्या वतीनं कसं बोलणार?" मग प्रत्येकीनं आपापला ठराव मांडला. आज कडीचे अकरा ठराव आहेत आणि अनुमोदन एकालाही नाही. तोवर एक बाई आत जाते आणि दुसरी बाहेर राखण करते. तेवढ्यापुरतं मात्र कोणी कोणाचं कार्ड विचारत नाही.

परवा दुपारी बाकीच्या बायका जेवायला गेल्या होत्या. ताई माझ्या टेबलापाशी आल्या. "भाऊ, जरा दाराबाहेर उभे राहता का?"

मी म्हणालो, "ताई, माझ्याकडे ते कार्ड नाही."

त्या म्हणाल्या, "अहो, मी आपणहून सांगतेय ना? मग?"

राहिलो उभा, दाराकडे पाठ करून. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बैठकीत शिरल्या त्या दिवशी ताईंनी आम्हाला फक्त विचारायला सांगितलं होतं. इतरांची तोंडं बंद करा, असं त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. ते मी पदरचं घातलं. ताई, त्याबद्दल मला फार वाईट वाटतं.

चष्मेवाल्यांचे प्रतिनिधी हात वर करताहेत. हरकत नोंदवा, जरूर नोंदवा. नियम सैल केला तर सात पुरुष पुन्हा चहा पीत बसतील, हेच ना? भीती खरी आहे. आम्ही बसलो होतोच. म्हणून आधी ज्याचं दुखणं त्याचं ऐकू, मग आपलं बोलू, आणि चुकलो तर आम्हाला तोंडावर सांगा. पण बोलू तरी!

आता पाचला दहा मिनिटं कमी आहेत. पाचला ताईंची सेवा संपते, आणि आपल्या नियमाप्रमाणे माणसाबरोबर त्याचा ठरावही निवृत्त होतो. मॅनेजरसाहेब, घड्याळाकडे नका बघू, इकडे बघा. ताई, ठराव कायम आहे ना? मान हलली, सर्वांनी पाहिली. तर मी, दुसऱ्या विभागातला, ठणठणीत गुडघ्यांचा पुरुष, बाइंडरताईंच्या ठरावाला अनुमोदन देतो. मान्य असेल त्यांनी हात वर करावेत. कार्डं नकोत, नुसते हात. अहो, चष्मेवाल्यांचाही आला!

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि ताईंना इतकी वर्षं आमच्यात राहू देणाऱ्या त्यांच्या घरच्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात एखादा नियम मोडला असेल तर माफी असावी. सगळेच मोडले असतील तर ती जरा मोठी असावी. आणि सुतारदादा, तुम्ही मघापासून मागे कडी घेऊन उभे आहात, या आता पुढे. ताई, घरी निघण्याआधी ती एकदा आतून लावून बघा. आज बाहेर कोणी उभं राहणार नाही.