साहेबाचे सोपे आकडे

चहा घ्या, पण साहेबाचा हिशेब ऐका. माझा भाऊ सावद्याहून केळीचा ट्रक घेऊन निघाला आणि ट्रक उलटून त्यातच गेला. चौकशीचा साहेब म्हणाला, "वीस किलोमीटर, वीस मिनिटं. वेग साठ, मर्यादा पन्नास. चूक ड्रायव्हरची."

मी म्हणालो, "साहेब, ट्रक उलटला तिथपर्यंतचे किलोमीटरचे दगड मी मोजले, सोळाच आहेत. आणि ट्रक भरून देणारे मुकादम नाना निघायची वेळ जवळच्या पाच मिनिटांवर आणूनच लिहितात. विसाऐवजी अठरा मिनिटं धरा, वेग त्रेपन्न. बावीस धरा, चव्वेचाळीस."

"अरे, आम्ही सोपे आकडे धरतो. भावाचं वय सांग."

"सव्वीस."

त्यानं तीस लिहिलं. भाऊ जी चार वर्षं जगलाच नाही, तीही त्याच्या नावावर चढवली.