स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारची बावीस इंच भिंत

पुरवणी जबाब

नाव कालच्या जबाबात आहे तेच. वय त्रेपन्न वर्षे. धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, स्वतःचे दुकान. शिक्षण आठवी, पुढचे सगळे वाचून आणि हात घालून. राहणार सध्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, भाड्याने.

मी आज सकाळी सव्वादहाला आपण होऊन ठाण्यात आलो. मला कोणी बोलावले नव्हते. समोर बसून सांगतो ते असे.

माझ्या नव्या घराच्या बांधकामात कोणते काम कोणी केले, असे विचारल्यावरून माझ्या हातचे काम सांगतो. पाया खोदला, तीस फूट बाय बावीस. पायातली लोखंडी जाळी बांधली. सळ्या कापल्या दोनशे चौदा, वाकवल्या शहात्तर. ठोकळे रचले एकशे एकसष्ट, सात थर. चार खिडक्यांच्या आणि दोन दारांच्या लाकडी चौकटी केल्या. भिंती ओळंब्यात धरणारे अठरा टेके लावले, प्रत्येकाला आट्याचा खिळा, म्हणजे पाव इंचसुद्धा आत-बाहेर करता येते. अकरा महिने लागले, दुकान संभाळून. काँक्रीट तेवढे माझ्या हातचे नाही. ते गाडीतून तयार आले.

ही पद्धत साहेबांना माहीत नव्हती म्हणून सांगतो. थर्माकोलचे आतून पोकळ ठोकळे असतात. प्रत्येक ठोकळ्याला दोन बाजू, आतली आणि बाहेरची, आणि त्या दोन बाजूंना धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, दर आठ इंचांवर एक. ठोकळे एकावर एक बसवायचे, पोकळीत सळ्या उभ्या-आडव्या घालायच्या आणि वरून पंपाने काँक्रीट सोडायचे. ठोकळे नंतर काढायचे नाहीत. तेच भिंतीचे अस्तर. घर हिवाळ्यात उबदार राहते, उन्हाळ्यात गार. मी तीन पुस्तिका वाचल्या आणि ही पद्धत निवडली.

माझा मोठा भाऊ गवंडी. चाळीस वर्षे थापी हातात. त्याला हे पसंत नव्हते. दोन वर्षांपूर्वी दुकानात येऊन तो म्हणाला होता, "थर्माकोलचं घर? मग दारावर लिही, 'नाजूक माल, आपटू नये'. आणि छपरावर बाण काढ, 'ही बाजू वर'." दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइके होती. ती हसली. मी म्हणालो, "दादा, तुला वीट सोडून काही कळत नाही." त्यानंतर आम्ही बोलत नव्हतो. वहिनी आणि माझी बायको बोलत होत्या.

स्वयंपाकघराच्या खिडकीबद्दल सांगतो. नकाशात ती कोपऱ्यापासून एकोणतीस इंचांवर होती. माझी बायको त्या खिडकीशी मशीन लावून शिवणार होती. उजव्या हाताने शिवणाऱ्याला उजेड डावीकडून लागतो. म्हणून मी खिडकी सात इंच कोपऱ्याकडे सरकवली. खिडकी आणि कोपरा यांच्यामध्ये बावीस इंच भिंत उरली. या सात इंचांमुळे खिडकीच्या उंचीतल्या तीन थरांचे ठोकळे मला मध्येच कापावे लागले आणि कापताना टोकाची पट्टी गेली. पट्टी नसली की ठोकळ्याच्या दोन बाजूंना एकमेकींशी धरणारे काही नाही. अशा जागी बाहेरून प्लायवूडची फळी स्क्रूने मारायची असते. तिन्ही पुस्तिकांत आहे. मी ती मारली नाही. डिंक लावला, त्यावर चिकटपट्टी तीन पदरी. फळी मारली की स्क्रूची भोके पडतात आणि मला त्या भिंतीवर एकही भोक नको होते. एकशे एकसष्ट ठोकळ्यांत एकही टवका नव्हता. येणारा-जाणारा थांबून बघत असे.

काल सकाळी साडेसहाला मी जागेवर गेलो. थर्मामीटर नऊ अंश. वहीत लिहिले आहे, वही सोबत आणली आहे.

साडेसातला दादा आला. न बोलावता. आमचे थोडे बोलणे झाले.

पावणेआठला पंपाची गाडी आली. चालवणारा एकटाच होता. त्याला याआधी मी पाहिलेले नाही. त्याने पंपाचे पाय चारी बाजूंना फळ्यांवर नीट टेकवले. आठ दहाला काँक्रीटची पहिली गाडी लागली. या पद्धतीत भिंत एका दमात भरायची नसते. तीन फूट भरायची, घराला पूर्ण फेरी मारायची, थांबायचे, खालचे जरा आवळले की वरचे तीन फूट. नाहीतर ओल्या काँक्रीटचा सगळा रेटा खालच्या ठोकळ्यांवर येतो. पहिली फेरी नऊला संपली. काही बिघडले नाही. दादा थापीच्या मुठीने भिंत ठोकत बाहेरून चालत होता. आत पोकळी राहिली तर आवाज पोकळ येतो, नीट भरली असली की ढब. ठोकताना तो म्हणाला, "इंजिनियर, कलिंगड पिकलंय." मला तो रागात असला की इंजिनियर म्हणे. काल रागात नव्हता.

नऊ दहाला दुसरी गाडी आली. तिचा ड्रायव्हर वीस मिनिटे थांबला आणि मग बोलायला लागला. "साहेब, माझ्या ड्रममध्ये दगड होतोय. तुमची पूजा कधी संपणार?" पंपवाला म्हणाला, "काका, थंडी आहे. खालचं अजून दही आहे. अर्धा तास जाऊ द्या." दोन फेऱ्यांमध्ये किती थांबायचे याचा माझ्याकडे तक्ता होता. तक्त्यात पस्तीस मिनिटे होती. तो तक्ता पंचवीस अंशांचा होता. नऊ अंश मी स्वतःच्या हाताने वहीत लिहिले होते. दोन्ही आकडे माझ्याजवळ होते. मी ते एकमेकांशेजारी ठेवले नाहीत. मी म्हणालो, "चालू कर." वेळ नऊ पस्तीस.

पंप जोरात चालत होता असे मी काल घटनास्थळी सांगितले. ते खरे नाही. पंप मी सांगितलेल्या वेगाने चालत होता. पंपवाल्याने स्वतःहून वेग दोनदा कमी केला. मी तो दोनदा वाढवायला लावला.

नऊ बावन्नला नळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर आली. मी वर फळीवर उभा राहून नळीचे तोंड धरले होते. दादा खाली बाहेरच्या बाजूला होता. तो ओरडला, "बंद कर! पोट आलंय!" लिहून घेणाऱ्या साहेबांनी इथे 'भिंत फुगली' असे लिहिले होते, मी ते बदलून घेतले. भिंत सव्वा इंच बाहेर आली होती. मी खाली उतरून दोरी धरून मोजले. पंपवाल्याने दादाचा आवाज ऐकताच पंप बंद केला होता. माझी वाट पाहिली नाही.

दादा म्हणाला, "आता इथवरच राहू दे. उरलेलं उद्या."

मी म्हणालो, "उद्या भरलं तर सांधा पडेल. सांध्यातून पाणी येतं."

"येऊ दे की. बादली मी देतो."

"दादा, मला बिनसांध्याची भिंत पाहिजे."

"तुला भिंत पाहिजे का फोटो पाहिजे?"

मी पुस्तिकेत पाहिले. दीड इंचापर्यंत पोट आले तर बाहेरून टेका देऊन ते दाबता येते, असे आहे. त्याच्या आधीच्या ओळीत, ओतणे थांबवून, असे आहे. ती ओळ मी काल संध्याकाळी वाचली.

मी पंपवाल्याला चालू करायला सांगितले. तो म्हणाला, "काका, नक्की ना?" मी म्हणालो, "घर माझं आहे का तुझं?" तो पुन्हा म्हणाला, "काका, भाऊ खाली आहेत." मी म्हणालो, "भावाला भिंतीतलं कळतं." हे माझे शब्द आहेत, जसेच्या तसे.

दादा तोपर्यंत एक फळी आडवी लावून तिला पाठ देऊन बसला होता. पाय समोरच्या पाण्याच्या टाकीच्या दगडी कडेला टेकवले होते. बंद पडलेली गाडी ढकलताना माणूस पाठ लावतो तसे. टाकी आणि भिंत यांत साडेतीन फूट जागा आहे. ती टाकी मीच बांधली. तिथून तो म्हणाला, "चाळीस वर्षं भिंती उभ्या केल्या. आज भिंतीला पाठ लावून बसायची वेळ आणलीस, बेट्या. चल, उरक." मी वर चढलो.

नऊ अठ्ठावन्नला बावीस इंचांचा तो भाग खालपासून उघडला. आवाज मोठा झाला नाही. चिकटपट्टी सुटताना येतो तेवढाच आला. खिडकीची चौकट, तिच्यावरचे दोन थर आणि आतले काँक्रीट, साधारण अर्धा टन, बाहेरच्या बाजूला गेले. बाहेरच्या बाजूला दादा होता.

पंप लगेच बंद झाला. मी फळीवरच उभा होतो. किती वेळ ते सांगता येत नाही. मी घड्याळ पाहिले नाही. सर्वांत आधी उडी मारून हातांनी काँक्रीट उपसायला लागला तो पंपवाला. त्याच्या हातात मोजे नव्हते. सिमेंटने त्याचे दोन्ही हात भाजले आहेत. तो आत्ता बाहेर बाकावर बसला आहे, साहेबांनी पाहावे. मग दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर आला, मग मी. चौकट उचलायला तिघे लागलो. दादाला काँक्रीटच्या गाडीतूनच दवाखान्यात नेले, कारण दुसरी गाडी नव्हती. मी त्याचे डोके धरले होते. दहा चाळीसला डॉक्टरांनी तपासून तो गेल्याचे सांगितले.

दवाखान्यात वहिनी आली. ती मला म्हणाली, "भावजी, ह्यांचा एक बूट कुठाय?" मी म्हणालो, "आणतो." मी जागेवर परत गेलो. तेव्हा बारा वाजून पाच मिनिटे झाली होती. बूट काँक्रीटमध्ये होता. काँक्रीट आवळले होते. छिन्नीने काढता आला असता, पण फाटला असता. मी तसाच ठेवला. वहिनीला अजून सांगितलेले नाही.

माझी बायको कालपासून वहिनीकडे आहे.

जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी मला मध्येच थांबवून विचारले, "अहो, हे सगळं तुम्ही तुमच्याच गळ्यात घालून घेताय. समजतंय का? पंपवाल्यावर कलम लागतंय, तर लागू दे ना. तुमचा भाऊ गेलाय." मी म्हणालो, लिहा. त्यांनी विचारले, पंपवाल्याने काही दबाव आणला का, किंवा त्याच्या मालकाने? तसे काही नाही. मालकाला मी ओळखत नाही. पंपवाल्याशी मी आज आत येताना बोललो. मी म्हणालो, चहा घेतलास का. तो म्हणाला, कप धरता येत नाही.

पंपवाल्याने तीन वेळा थांबायला सांगितले. तिन्ही वेळा निर्णय माझा होता. फळी मारायची नाही हा निर्णयही माझा. खिडकी सात इंच सरकवणे माझे. माझ्या बायकोने ती सरकवायला सांगितली नव्हती, तिला ठाऊकही नव्हते. दादाची कोणाविरुद्ध तक्रार असण्याचा प्रश्न येत नाही. माझीही कोणाविरुद्ध तक्रार नाही.

भिंत पाडायची का, असे साहेबांनी विचारले. पंचनामा होईपर्यंत हात लावणार नाही. पुढचे माहीत नाही. उरलेल्या तीन भिंती ओळंब्यात आहेत. आज सकाळी मी तपासल्या. का तपासल्या ते सांगता येत नाही.

वरील मजकूर साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी तो कान देऊन ऐकला. तो मी बोललो तसाच उतरला आहे, आकडे आणि वेळा बरोबर आहेत. मात्र सही करण्याआधी मी साहेबांना खाली आणखी थोडे लिहायला सांगितले, कारण साडेसातच्या ठिकाणी फक्त 'थोडे बोलणे झाले' एवढेच आहे. ते बोलणे असे.

दादा सायकलच्या मागे प्लायवूडची एक फळी बांधून घेऊन आला होता. पाऊण इंच जाड, बावीस इंच रुंद, चार फूट उंच, चारी कडांना रंधा मारलेला. सोबत डब्यात चोवीस स्क्रू. खिडकीशेजारच्या त्या जागेवर ती केसाचाही फरक न होता बसली असती. म्हणजे मी जागेवर नसताना कधीतरी येऊन त्याने माप घेतले होते. दोन वर्षे आम्ही बोलत नव्हतो, त्या काळात. तो म्हणाला, "मार ही, पाच मिनिटांचं काम आहे." मी म्हणालो, मला कोणाचे उपकार नकोत. तो म्हणाला, "उपकार कोण करतंय? विकत घे. रोख व्यवहार." मी किंमत विचारली. त्याने दहाची एक नोट सांगितली, स्क्रू त्यातच. नोट माझ्या खिशात होती. मी नको म्हणालो.