तिसरं नाव

नाई नाई, त्या टायरावर नका बसू मॅडम, कपड्याले ग्रीस लागन — या फर्शीवर बसा. हां, आरामात. चहा सांगतलाच हाय मी. काय म्हनत होत्या? तिसरं नाव. जुन्या पेपरात तीन मेले लिहून हाय अन् फाट्यावरच्या नव्या स्मारकावर नावं दोनच — मंग तिसरा कोन? एवढं विचाराले नागपूरहून आल्या? पीएचडी म्हंजे मोठंच काम म्हना. फैज. माहा मोठा भाऊ. ठेवा, मोबाईल तिथं पान्या-पेचकसाजवळ ठेवा, करा रेकॉर्ड, मले काय लपवाचं हाय?

कापसाच्या भावासाठी रस्ता रोको होता — इथंच, केळापूरच्या फाट्यावर. फैज ट्रकवर क्लीनर. पोलिसाईनं गोळी चालवली, तीन गेले. मंग कास्तकाराईनं दगड बसवला, तीन नावं कोरली. फैजचं नाव टाकाच म्हून किसनराव अडून बसले, लीडर तेच होते ना. दरसाल कार्यक्रम. आमच्या अम्मीले, जुबैदाले, स्टेजवर खुर्ची — हुतात्म्याची माता म्हून शाल, नारळ, अन् किसनराव भर लोकात तिच्या पाया पडत. घरी आली का मोहल्लाभर सांगे, मेरा फैज कास्तकारों के वास्ते गया. त्याच एका गोष्टीवर जगली ते.

मंग हायवे मोठा झाला, जेसीबीनं दगड उपटून नालीत टाकला. बसवून देऊ म्हने, कोन बसवते? किसनरावही वारले. आता त्याईच्या पोरानं, पियुषनं, कमिटी केली, ग्रॅनाईट आनला — अन् दोनच नावं! गेलतो ना मी विचाराले. चाचा म्हनते मले तो. चाचा, म्हने, बाबाच सांगत, फैज आंदोलनात नव्हता, इतिहास बरोबर लिहाव लागते. लिहा ना! कोन नाई म्हनते? पन मंग त्या दुसऱ्याचंही पाहा — तो बिचारा फुटाणे विकाले उभा होता, त्याचं नाव राह्यलं. तपासनी आमच्याच नावाची काहून? सांगा, काहून? — नाई, तुमी अशी मान नका हालवू. तुमाले सगळं मालूम नाई.

पियुष खोटं नाई बोलला, हेच तं दुखते. फैज आंदोलनात नव्हताच. ट्रकात टमाटर सडून राह्यले होते, तो उतरला, कास्तकाराईले शिव्या देत रस्त्यावरचे गोटे उचलून फेकाले लागला, बैलबंडी ढकलाले लागला. किसनरावानं त्याची कॉलर धरली. धरली ते सोडली नाई — अन् तेवढ्यात गोळी. अम्मीच्या मयतीत, कबरस्तानाच्या भिंतीपाशी सांगतलं किसनरावानं मले. जमीर, म्हने, मी सोडलं असतं तं तो पळाला असता. लहान पोरावानी रडला. म्हून ते नाव, म्हून ते पाया पडनं. लेकाले अर्धीच गोष्ट सांगतली, कॉलरची नाई सांगतली.

…हे मोबाईलात गेलं काय? पुसा. पुसा मॅडम, हात जोडतो. किसनराव चांगला मानूस होता, अम्मी त्याले दुवा देत गेली. पियुषनं हे काहून आयकाव? पुसलं? — थांबा, थांबा! पुसू नका. पुसलं तं फैज कोनीच नाई राहत. ठेवलं तं हुतात्मा नाई राहत. इकडूनही मरते तो अन् तिकडूनही. काय लिहू, म्हून मले विचारता? मले समजलं असतं तं इतकी वर्षं झोप लागली नसती?

जुना दगड? तो कायले पाहिजे तुमाले? फोटोले? …उठा. उठा मॅडम, जिच्यावर बसल्या ते फर्शी नोहे. नालीतून मीच आनला, क्रेन लावून. नावं खालच्या बाजूनं हायेत. सरळ ठेवला तं रोज खोटं वाचाव लागते, फेकाव तं भाऊ फेकल्यासारखं वाटते. म्हून पालथा.

नाई, हात नका लावू. राहू द्या तसाच. मोबाईल उचला आपला, ठेवा नाई तं पुसा, मले सांगू नका. तो ट्रकवाला कवाचा हॉर्न देऊन राह्यला — व्हा बाजूले, गाडी आत घ्याची हाय.