दारुण थालीपीठ

अगं, ह्यांच्या बदलीमुळे बंगालमध्ये न्यू टाउनला आले, बोलायला कुणी नाही. म्हणून फेसबुकवर इथल्या खवय्या बायकांच्या ग्रुपात शिरले आणि हौसेनं थालीपिठाचा फोटो टाकला. खाली धडाधड कमेंट: ‘दारुण!’ ‘दारुण!’

आपल्याकडे दारुण फक्त पराभव असतो! मी तडक ग्रुप सोडला.

संध्याकाळी त्याच ग्रुपातली शेजारीण मौशुमीदी दारात. हिंदीत म्हणाली, “एवढं कौतुक केलं, तर पळालीस का?”

“दारुण म्हणजे कौतुक?”

“बंगालीत दारुण म्हणजे अप्रतिम!”

मी गुपचूप ग्रुपात परत गेले. घरी ह्यांनाही सांगितलं, तेच चुकलं. काल विचारलं, “आमटी कशी झालीय?”

मान खाली घालून म्हणाले, “दारुण.”

आता हे मराठीत की बंगालीत?