खंडेनवमीला पुजलेलं घड्याळ

माझं ते घड्याळ आठवतं ना? तीन छोट्या तबकड्यांच्या जुन्या क्रोनोग्राफचं नवं लिमिटेड एडिशन, जगात फक्त पाचशे. सहा महिने वाट बघून मिळालं. दिवसातून दहादा कपाट उघडून बघायचो, पण काचेवरची फिल्मसुद्धा काढली नव्हती.

खंडेनवमीला लातुरातल्या आमच्या किराणा दुकानात पाऊल टाकलं, तर वडलांनी पूजा मांडलेली. वजनकाटा, कात्री आणि शेजारी कपाटातून आणलेलं माझं घड्याळ! तिन्ही छोट्या तबकड्यांवर कुंकू, पांढऱ्या चामडी पट्ट्यावर ओली हळद.

“अण्णा, फिल्म कुठाय?”

“काढली. प्लास्टिकवरून पूजा करतेत व्हय?”

मी पट्टा घासत राहिलो, हळद काही निघंना. “अहो अण्णा, जगात अशी पाचशेच हायेत!”

अण्णांनी उदबत्ती ओवाळली. “आता असं एकच हाय.”